जर्मन युद्धपदकं जमवताना खरं-खोटं कसं ओळखता?

निखिल_न्यूर्नबर्ग

नमस्कार मंडळी,

शिवराया आणि संस्थानी नाणी जमवायचा नाद मला पुण्यात असल्यापासूनचा. सध्या मुक्काम न्यूर्नबर्गला. इथे जुन्या शहरात वर्षातून दोनदा ट्रेम्पेलमार्क्ट नावाचा मोठा जुना बाजार भरतो. पहिल्या महायुद्धातले आयर्न क्रॉस, जखमी सैनिकांचे बिल्ले असं बरंच काही तिथे मांडलेलं असतं. १९१४ सालचा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस एका टेबलावर सत्तर युरोला होता. शेजारच्या टेबलावर दिसायला अगदी तसाच पंचवीसला. दोघांचंही म्हणणं एकच, "अस्सल आहे, आमच्या आजोबांचा."

नाण्याचं वजन, काठ, अक्षरांचं वळण बघून मला अंदाज येतो. पदकांत काय बघायचं? सुरुवात कशापासून करावी? आणि मला जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, दुसऱ्या महायुद्धातली स्वस्तिक असलेली पदकं घरात ठेवावीत का? अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा.

ऋता

वाचतेय. विषय एकदम वेगळा आहे.

कोल्हापूरचा_वैभव

न्यूर्नबर्गच्या बाजारात आजोबा घाऊक मिळतात असं दिसतंय 😀

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

@निखिल, नाण्यांवर डोळा बसलाय म्हणजे अर्धं काम झालंय. एकच गोष्ट आधी सांगतो: विक्रेत्याची कथा कानाआड करा आणि वस्तू कशी बनवली आहे ते वाचायला शिका. कथा कुणीही रचतो. पन्नास टनी ठशाखाली उठलेला धातू मात्र खोटं बोलू शकत नाही.

आयर्न क्रॉस प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याने नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी सुरू केला. तारीख १० मार्च १८१३, म्हणजे त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझाचा जन्मदिवस. आराखडा कार्ल फ्रिडरिश शिंकेल या वास्तुविशारदाचा. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ साली तो नव्याने सुरू झाला आणि दर्शनी बाजूवर त्या त्या वर्षाचा आकडा आला.

आता बांधणी. क्रॉस तीन तुकड्यांचा असतो. मधे काळा रंगवलेला लोखंडी गाभा, त्याला पुढून-मागून चांदीच्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या दोन चौकटी, आणि त्या चौकटी कडेने डाख देऊन जोडलेल्या. दहापट भिंग घ्या, क्रॉस आडवा धरा आणि कड बघा. जोडाची बारीक रेघ चारही हातांभोवती फिरलेली दिसायला हवी. स्वस्त नक्कल एकाच तुकड्यात ओतलेली असते आणि गाभ्याच्या जागी नुसता काळा रंग फासलेला असतो. गाभा आणि चौकट जिथे भेटतात तिथे रंग चौकटीवर चढलेला दिसला की पदक खाली ठेवा.

मग चौकटीच्या आतल्या काठावरची दातेरी नक्षी बघा. खऱ्या क्रॉसवर दाता-दाता वेगळा मोजता येतो. ओतीव मालात ती नक्षी वापरून झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत होते. ओतकामात बुडबुड्यांचे बारीक खड्डेही राहतात. शिवाय साचा जर खऱ्या पदकावरून काढलेला असेल तर धातू गार होताना आक्रसतो आणि नक्कल मापाला किंचित लहान भरते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर खिशात हवाच. १९१४ चा दुसरा वर्ग साधारण ४२ मिमी, १९३९ चा साधारण ४४ मिमी.

वरच्या कडीवर कारखान्याचा शिक्का असतो, बऱ्याचदा भिंगाशिवाय दिसतही नाही. शिक्का नसला म्हणजे खोटं, असं मात्र नाही. बिनशिक्क्याचे अस्सल क्रॉस भरपूर आहेत.

जुनाबाजार_भक्त

एवढा खटाटोप कशाला? चुंबक लावायचं. चिकटला तर लोखंडी गाभा, म्हणजे अस्सल. बुधवार-रविवार जुन्या बाजारात मी हेच करतो.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

@जुनाबाजार_भक्त, चुंबकाने फक्त आत लोखंड आहे एवढंच कळतं. नक्कल करणाऱ्यांनाही लोखंड मिळतं हो. उलट जस्ताचा किंवा पितळेचा गाभा असलेले, चुंबकाला न चिकटणारे खरे क्रॉसही आहेत. ते गंजू नयेत म्हणून दर्यावर्दींसाठी केले असं संग्राहक मानतात. म्हणजे चुंबकावर भिस्त ठेवलीत तर खोटं घ्याल आणि खरं सोडाल.

जुनाबाजार_भक्त

हे नवीन कळलं. पण जुन्या बाजारातले पितळी "जर्मन मेडल" बघितलेत का कधी? त्यातले निम्मे तर नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातले वाटतात.

रेवती_म्युनिक

निखिल, कायद्याबद्दल लिहिते. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवायला आणि पसरवायला मनाई करतं. इतिहास, संशोधन, शिक्षण, कला यांसाठी त्यात सूट आहे. स्वतःच्या घरातल्या कपाटात पदक असणं हा गुन्हा नाही. पण त्याचा फोटो उघडपणे समाजमाध्यमावर टाकलात की अडचण सुरू. म्हणूनच बाजारात स्वस्तिकावर कागदाचा तुकडा चिकटवलेला दिसतो आणि लिलावांच्या याद्यांमध्ये ते चिन्ह झाकलेलं असतं. ईबेवर तर स्वस्तिक असलेल्या वस्तू विकायलाच बंदी आहे.

शिवाय १९५७ ची गोष्ट माहीत हवी. त्या वर्षी २६ जुलैला पश्चिम जर्मनीत कायदा झाला आणि जुन्या सैनिकांना आपली युद्धपदकं स्वस्तिक काढून घालायची मुभा मिळाली. त्यासाठी पदकं नव्याने पाडली गेली. १९३९ च्या क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं आली. ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याने युद्धात पदकं केली होती आणि ही सुद्धा केली. "५७ ची आवृत्ती" म्हणून ती उघडपणे विकली जातात, स्वस्तही असतात.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

रेवतीताई, फार मोलाचा मुद्दा. याच ५७ च्या क्रॉसच्या चौकटी उघडून आत स्वस्तिकाचा गाभा बसवायचा आणि युद्धकाळातला म्हणून विकायचा, हा धंदा जुना आहे. चौकटी चांगल्या कारखान्याच्या, दातेरी नक्षी उत्तम, कडेला जोडही आहे. नवशिका तिथेच फसतो. अशा वेळी डाख पुन्हा वितळवल्याच्या खुणा शोधायच्या. कडेला घासलेली चांदी, आतल्या कोपऱ्यात नुकताच सांडलेला काळा रंग. जुन्या क्रॉसच्या कोपऱ्यांत चांदी काळवंडलेली असते आणि ती काळिमा गाभ्याच्या रंगाशी एकजीव झालेली दिसते.

अभिजित_के

तांत्रिक माहिती चांगली आहे, पण मला मूळ गोष्टच पटत नाही. माझ्या मुलीच्या वर्गाची सहल डाखाउच्या छळछावणीला गेली होती. घरी आल्यावर दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. ज्या राजवटीने ते केलं, तिची पदकं पैसे देऊन विकत घ्यायची आणि मखमलीवर मांडायची? या बाजाराने किंमत वाढते, आणि किंमत वाढली की कुणाच्या हातात काय जाईल याचा नेम नाही. २०१९ साली म्युनिकजवळच्या लिलावात हिटलरची घडीची टोपी विकली गेली, आठवतंय? अब्दल्ला शतीला या उद्योजकाने ती आणि आणखी काही वस्तू मुद्दाम विकत घेतल्या, नव-नाझींच्या हाती लागू नयेत म्हणून, आणि ज्यू संस्थेला देऊन टाकल्या. मला संग्राहकाचं काम ते वाटतं.

ऋता

अभिजित, +१. मलाही हाच प्रश्न पडला होता.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

अभिजित, तुमचा राग मला रास्त वाटतो. माझ्या घरातही कुठलंच पदक भिंतीवर नाही. सगळं खणात, कागदपत्रांसकट. स्वस्तिक दाखवायला जे लोक ही पदकं घेतात त्यांच्याशी मी व्यवहार करत नाही.

पण एक सांगतो. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, त्यातले सुमारे १२ हजार मेले. हजारोंना आयर्न क्रॉस मिळाला. खुद्द हिटलरच्या पहिल्या वर्गाच्या क्रॉसची शिफारस ज्याने केली तो त्याचा वरिष्ठ, ह्यूगो गुटमान, ज्यू होता. पुढे त्याला देश सोडून पळावं लागलं.

त्याहून बोलकी वस्तू म्हणजे हिंडेनबुर्ग क्रॉस. १३ जुलै १९३४ ला तो सुरू झाला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि मेलेल्यांच्या विधवांना, आई-वडलांना अर्ज केल्यावर मिळायचा. ज्यू सैनिकांनाही मिळाला. सोबतच्या कागदावर छापलेलं असायचं की फ्यूररच्या नावाने हा सन्मान दिला जात आहे. १९३५ साली एका ज्यू माणसाच्या नावाने असा कागद निघतो आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूर्नबर्गचे कायदे त्याचं नागरिकत्व काढून घेतात. हा कागद हातात धरल्यावर जे समजतं ते मला पुस्तकातून समजलं नव्हतं. हे कुणीतरी जपलंच पाहिजे, आणि अस्सल-नक्कल ओळखता येणाऱ्यानेच जपलं पाहिजे. नाहीतर उद्या त्या कागदाचीही नक्कल निघेल आणि खऱ्या पुराव्यावरचा विश्वास उडेल.

अभिजित_के

गुटमानबद्दल वाचलं होतं, हिंडेनबुर्ग क्रॉसच्या कागदाचं माहीत नव्हतं. कागदांसह जपणाऱ्याला माझा विरोध नाही. एसएसची, म्हणजे हिटलरच्या नाझी निमलष्करी दलाची, कवटी अंगठीत घालून फिरणाऱ्यांना आहे आणि राहील.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

त्यात आपण दोघे एका बाजूला. आणि निखिल, व्यवहार म्हणून सुद्धा एसएसच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात जास्त नकला तिथेच आहेत.

सातारकर_मामा

मंडळी, धागा वाचून पेटी उघडली. आमचे आजोबा मराठा पलटणीत, इटलीत होते. १९४४ च्या उन्हाळ्यात टायबर नदीच्या खोऱ्यात लढले. यशवंत घाडगे यांना ज्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १० जुलै १९४४, त्याच भागात. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या स्वतःच्या पदकांबरोबर एक परका बिल्ला आहे. लंबगोल, कडेने पानांची माळ, मधे लोखंडी टोप, टोपावर स्वस्तिक आणि टोपाच्या मागे दोन तलवारी. रंग काळा, पण टोपाच्या उंचवट्यावरून रंग गेलाय आणि खाली तांबूस गंज आहे. मागून पोकळ. पिनेजवळ बारीक ३० असा आकडा. हे काय आहे? आजोबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

धातुवेडा

मामा, तो जखमी सैनिकाचा बिल्ला. जर्मनमध्ये फेरवुंडेटेनआबत्साइशेन. पहिल्यांदा ३ मार्च १९१८ ला सुरू झाला, तेव्हा टोपावर स्वस्तिक नव्हतं. १ सप्टेंबर १९३९ ला तुमच्याकडचं रूप आलं. काळा म्हणजे एक किंवा दोन जखमा, रुपेरी म्हणजे तीन-चार, सोनेरी म्हणजे पाच किंवा जास्त. हात-पाय गेला किंवा डोळे गेले तर थेट वरचा वर्ग.

तुम्ही जे वर्णन केलंय ते मला फार आवडलं. काळे बिल्ले पातळ पत्र्यावर ठसा मारून करत, म्हणून मागून पोकळ. सुरुवातीचे काही पितळेचे, रंग गेला की पिवळे दिसतात. तुमचा पोलादी पत्र्याचा, म्हणून गंज. रंग नेमका उंचवट्यावरून गेलाय, म्हणजे कापडाच्या आणि हाताच्या घासण्याने गेलाय. नकली म्हातारपण द्यायला लोक बिल्ले मातीत पुरतात, व्हिनेगरमध्ये, आम्लात बुडवतात. तेव्हा गंज खोलगट भागात आणि उंचवट्यावर सारखाच चढतो, पिनेच्या बिजागरीतही. पिन उघडून बघा. रोज उघडझाप झालेल्या बिजागरीची भोकं लांबट झालेली असतात.

३० हा व्हिएन्नाच्या मुख्य टांकसाळीचा आकडा. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला, त्यानंतर तिथल्या टांकसाळीनेही पदकं पाडली.

सातारकर_मामा

बिजागरीची भोकं लांबट आहेत. आत्ताच भिंगातून बघितलं. खालच्या बाजूला पिन घासून चकाकतेय. कुणीतरी रोज लावत असणार. आभारी आहे, धातुवेडा.

ऋता

मामा, अंगावर काटा आला. तो जर्मन पोरगाही कुणाचा तरी असेल.

नगरचा_सुहास

थोडं अवांतर. नगरच्या किल्ल्याच्या आणि लष्करी भागात दोन्ही महायुद्धांत जर्मन लोकांना स्थानबद्ध ठेवलं होतं. गिर्यारोहक हाइनरिश हारर देहरादूनला नेण्याआधी नगरच्याच छावणीत होता. आमच्याकडे एक भंगारवाला जर्मन बिल्ले दाखवतो आणि "छावणीतले" म्हणून भाव सांगतो.

धातुवेडा

सुहास, बिल्ला कुठला आहे ते बघा. दुसऱ्या महायुद्धातले स्थानबद्ध बहुतेक नागरिक होते. व्यापारी, मिशनरी, अभियंते, बोटींवरचे लोक. हाररला १९३९ साली कराचीत पकडलं, युद्ध नुकतंच सुरू होत होतं. पायदळाचा हल्ल्याचा बिल्ला २० डिसेंबर १९३९ ला, हातघाईच्या लढाईची पट्टी २५ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झाली. आधीच आत असलेल्याकडे ती कुठून येणार? छावणीतून घड्याळ, पत्रं, हाताने केलेल्या वस्तू निघाल्या तर ते पटण्यासारखं आहे.

देवयानी_पुणे

आझाद हिंदच्या पदकांबद्दल कुणी बोलेल का? बर्लिनमध्ये सुभाषबाबूंच्या फ्री इंडिया सेंटरमध्ये एन. जी. गणपुले होते, तेव्हा मराठी माणसाचा त्या गोष्टीशी थेट संबंध आहे. एका ओळखीच्यांनी वीर-ए-हिंद पदक बऱ्याच पैशांना घेतलंय.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

देवयानीताई, ही पदकं सुभाषबाबूंनी १९४२ साली जर्मनीत असताना सुरू केली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद आणि शहीद-ए-भारत. प्रत्यक्ष लढाईतल्या कामगिरीसाठी तलवारींसह, एरवी तलवारींशिवाय. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून जी फौज उभी राहिली, ९५० क्रमांकाची रेजिमेंट, तिच्यासाठी. काही जर्मनांनाही मिळाली.

अडचण अशी की ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल या कारखान्यात बनली आणि त्याच कारखान्याने युद्धानंतरही पदकं पाडणं चालू ठेवलं. ठसा तोच, कारखाना तोच, साल वेगळं. इथे बुडबुडे शोधून काही हाती लागत नाही, कारण मागून पाडलेलं पदकही ठशाचंच आहे. धातूचा मिश्रधातू, पिनेची घडण, मुलाम्याचा पोत हे खात्रीच्या पदकाशी शेजारी ठेवून ताडावं लागतं. तुमच्या ओळखीच्यांकडे सैनिकाचं नाव असलेला कागद असेल तर उत्तम. नुसतं पदक असेल तर त्याला युद्धकाळातलं म्हणायला मी धजावणार नाही. आपल्या भावना गुंतलेल्या असतात आणि विकणाऱ्याला ते नेमकं ठाऊक असतं.

देवयानी_पुणे

कागद नाही म्हणाले. त्यांना हा प्रतिसाद पाठवते.

कोल्हापूरचा_वैभव

रिबिनीवरून काही कळतं का? ती तर सहज बदलता येते.

धातुवेडा

कळतं. अंधारात अतिनील दिवा धरा. युद्धानंतरच्या कापडात आणि साबणात पांढरेपणा आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. जुनी फीत मंद राहते. चमकली तर फीत नवी, पदक खोटं असं लगेच नाही, हे लक्षात ठेवा. आणि फीत सालाशी जुळते का ते बघा. १९१४ च्या लढाऊ सैनिकाची काळी, दोन पांढऱ्या पट्ट्यांची. बिनलढाऊची उलटी, पांढरीवर काळ्या पट्ट्या. १९३९ ची मधे लाल, बाजूला पांढरा आणि काळा. १९१४ चा क्रॉस लाल फितीवर दिसला तर कुणीतरी मागून जोडलेला आहे.

निखिल_न्यूर्नबर्ग

सर्वांचे मनापासून आभार. भिंग आणि कॅलिपर घेऊन पुन्हा गेलो होतो. पंचवीस युरोवाल्या क्रॉसच्या कडेला जोडच नव्हता, माप ४१ च्या आत. सत्तरवाल्याचा जोड चारही बाजूंनी दिसला आणि कडीवर के ओ अशी बारीक अक्षरं होती.

पद्मनाभ_हॅम्बुर्ग

के ओ ही बर्लिनच्या राजटांकसाळीची खूण मानतात. घ्यायला हरकत नाही, थोडी घासाघीस करा. सुरुवात १९१४ चा दुसरा वर्ग आणि हिंडेनबुर्ग क्रॉस यांनीच करा. दोन्हींवर स्वस्तिक नाही, खरे नग मुबलक आहेत, त्यामुळे हातात घेऊन घेऊन डोळा तयार होतो. हिंडेनबुर्ग कागदासकट मिळाला तर रिकाम्या पदकापेक्षा तोच घ्या. नाव, गाव, तारीख सगळं हाताशी येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाचं नाव मिळालं तर बर्लिनला केंद्रीय अभिलेखागाराकडे चौकशी करता येते. पूर्वीची सैनिक-नोंदींची कचेरी २०१९ पासून त्यांच्यातच विलीन झाली आहे.

सातारकर_मामा

आमच्या बिल्ल्यावर नाव नाही, मग त्या जर्मन सैनिकाचा पत्ता लागणार नाही ना? आणि गंज काढायला ब्रासो चालेल का? नातू घासायला बसलाय.

धातुवेडा

मामा, आधी नातवाला थांबवा! ब्रासो, लिंबू, चिंच काहीही लावू नका. उरलेला काळा रंग निघून जाईल आणि तोच तर पुरावा आहे. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, आम्लरहित कागदात गुंडाळा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, साताऱ्याच्या पावसाळ्यात आत पाणी धरेल.

नावाशिवाय तो सैनिक सापडणार नाही. पण आजोबांचा माग नक्की लागेल. पलटणीचा क्रमांक आणि त्यांचा सैनिक क्रमांक त्यांच्या स्वतःच्या पदकांच्या कडेवर कोरलेला आहे का बघा, नसेल तर डिस्चार्ज बुकात असेलच. तो घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा. टायबरच्या खोऱ्यात ते कुठल्या तुकडीत होते हे कळलं, तर समोर कुठलं जर्मन डिव्हिजन होतं तेही काढता येईल. क्रमांक मिळाला की इथेच टाका.